सर्टिफिकेटवर मेन फ्यूजचा आकडा काय लिहू?

लेस्टरचा वायरमन:
नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला एका जुन्या घरात नवीन कन्झ्युमर युनिट (घरातला मुख्य फ्यूजबोर्ड) बसवलं. टेस्टिंग झालं, पण सर्टिफिकेट भरताना सप्लायच्या रकान्यात अडकलोय. मेन फ्यूजचा बीएस (ब्रिटिश स्टँडर्ड) नंबर, टाइप, अँपिअर मागतात. जिन्याखाली काळा बेकेलाइटचा कटआउट (वीज कंपनीचा मेन फ्यूजचा डबा) आहे, कॅरिअरवर, म्हणजे फ्यूज धरणाऱ्या ओढून काढायच्या भागावर, 100 कोरलंय, सील शाबूत. आतलं दिसत नाही. काय लिहू? शिवाय सर्टिफिकेटचं एखादं अ‍ॅप सुचवा, वर्षाला 50 पौंडांच्या आत.

स्लाउचा सदा:
100 लिहा आणि मोकळे व्हा. पंधरा वर्षं तेच लिहितोय, कुणी विचारलं नाही. अ‍ॅपचं सोडा, चांगला मल्टिफंक्शन टेस्टर घ्या. माझा 900 पौंडांचा, रीडिंग थेट फोनवर येतात. पैसे वसूल!

मीटरवाली मेघा:
सदादादा, असं नका सांगू. कॅरिअरवरचा 100 ही कॅरिअरची कमाल मर्यादा असते. मी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर लावताना 100 धरूनच चालले होते. कंपनीच्या माणसाने कॅरिअर ओढला तर आत 60 चा! लोडचा सगळा हिशेब पुन्हा केला, तोही ग्राहकासमोर.

नॉटिंगहॅमचे नाना:
मेघा म्हणते ते बरोबर, कॅरिअरवरचा आकडा फ्यूजचा नव्हे. सरळ 'लिम' लिही, म्हणजे लिमिटेशन, तपासता आलं नाही. घर जुनं म्हणजे बीएस 1361 टाइप 2 असणार, त्याच्या जागी आलेलं बीएस 88-3 तर 2010 नंतरचं.

मीटरवाली मेघा:
नाना, मध्ये कधी फ्यूज बदलला असेल तर? आणि लिम तपासणी अहवालात ठीक आहे, आपण स्वतः केलेल्या नव्या कामावर मला पटत नाही. टेल्स, म्हणजे मीटरपासून युनिटपर्यंतच्या जाड वायरी, किती एमएमच्या आहेत ते आधी सांगा. 16 च्या असतील तर आत 100 चा फ्यूज आहे की नाही याने फार फरक पडतो.

पुण्याचा ठेकेदार:
आमच्याकडे महावितरणच्या नव्या जोडणीला टेस्ट रिपोर्ट आम्ही देतो, पण खांबावरच्या फ्यूजला लाइनमनशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिथेही सील तोडू नका.

नॉटिंगहॅमचे नाना:
सील तोडा असं कोण म्हणालं?

हाउन्सलोचा हर्षद:
डिस्ट्रिब्यूटरला, म्हणजे तारा आणि कटआउट ज्यांचे त्या कंपनीला, लेखी विचारा. वीज सुरक्षेच्या 2002 च्या नियमांत 28 वा नियम आहे. योग्य कारण दाखवलं की फ्यूजचा प्रकार आणि रेटिंग, कमाल फॉल्ट करंट, अर्थ लूप इम्पीडन्स आणि अर्थिंगचा प्रकार लेखी द्यावाच लागतो. लेस्टरला नॅशनल ग्रिड इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्यूशन. बिल पाठवणाऱ्या कंपनीला विचारू नका, मी तिथे दोन आठवडे घालवले. आणि उत्तरात 16 केए (किलोअँपिअर) फॉल्ट करंट, 0.35 ओहम असे ठरावीक आकडे आले तरी झेडई, म्हणजे घराबाहेरच्या भागाचा अर्थ लूप इम्पीडन्स, स्वतः मोजाच.

स्लाउचा सदा:
एका रकान्यासाठी एवढं? ग्राहक थांबतो होय!

लेस्टरचा वायरमन:
सगळ्यांचे आभार. टेल्स 25 च्या आहेत. झेडई मोजला आहे, 0.19. आता 100 ही लिहीत नाही आणि लिमही नाही. सकाळीच डिस्ट्रिब्यूटरला मेल टाकला, उत्तर येईपर्यंत सर्टिफिकेट देणार नाही. घरमालकाला फोन केला, घर भाड्याने द्यायचंय म्हणून चिडलाय, पण अंदाजाच्या आकड्याखाली सही करायला मन धजत नाही. अ‍ॅपही घेत नाही, आयईटीच्या (इंजिनिअरांच्या संस्थेच्या) साइटवरचे नमुना फॉर्म फुकट मिळतात, तेच भरतो.

हाउन्सलोचा हर्षद:
उत्तर आलं की आत कितीचा निघाला ते इथे टाका.