एरोन्का चॅम्प, १९४६ : टेलव्हीलची थरथर आणि सकाळी अडखळणारे इंजिन

प्रश्न : ओहायोवासी

नमस्कार. माझ्याकडे गेली तीन वर्षे १९४६ सालचे एरोन्का ७एसी चॅम्प हे विमान आहे. हे विमान ज्या मिडलटाउन गावी तयार झाले, तेथून माझी धावपट्टी फार लांब नाही. इंजिन कॉन्टिनेन्टल ए-६५-८, म्हणजे ६५ अश्वशक्तीचे आहे. विमानात बॅटरी किंवा स्टार्टर नसल्याने पंखा हाताने फिरवूनच ते सुरू करावे लागते. मला दोन अडचणी भेडसावत आहेत आणि दोन्हींवर पैसे खर्च करूनही त्या सुटलेल्या नाहीत.

पहिली अडचण टेलव्हीलची. तिन्ही चाके एकदम टेकवून उतरल्यानंतर, वेग साधारण निम्म्यावर आला की शेपटाचे चाक डावीउजवीकडे इतक्या जोराने थरथरू लागते की रडरच्या (शेपटातल्या सुकाणूच्या) पेडलवरचे पाय हलतात आणि मागच्या आसनावरचा माणूस घाबरतो. मागील उन्हाळ्यात एका कारागिराच्या सल्ल्याने संपूर्ण टेलव्हील बदलून नवे बसवले. पाच-सहा आठवडे सारे ठीक होते, मग थरथर पुन्हा सुरू झाली.

दुसरी अडचण इंजिनाची. दिवसातल्या पहिल्या सुरुवातीनंतर दीड-दोन मिनिटे एक सिलिंडर काम करत नसल्यासारखे इंजिन अडखळते आणि नंतर आपोआप सुरळीत होते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत दोन्ही मॅग्नेटोंवर (प्लगच्या ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांवर) एकेक करून चालवताना इंजिनाच्या आवर्तनांची घट मर्यादेत असते. वार्षिक तपासणीत ८० पौंड दाबाची हवा सोडल्यावर चारही सिलिंडरांनी ७० ते ७४ पौंड दाब धरून ठेवला. मॅग्नेटो दुरुस्तीला पाठवण्याच्या विचारात आहे. तत्पूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १ : सेफ्टीवायर

मी टेक्ससमध्ये परवानाधारक मेकॅनिक आहे आणि माझ्याकडे वार्षिक तपासणीचा अधिकारही आहे. इंजिनाकडे नंतर वळतो, कारण टेलव्हीलबाबत तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. नवे टेलव्हील पाच-सहा आठवडे चालले याचा अर्थ असा की त्यातील घर्षण-चकत्या नव्या व घट्ट होत्या तोवर त्यांनी थरथर दाबून धरली आणि त्या थोड्या झिजताच मूळ दोष पुन्हा वर आला. तो दोष चाकात नसून चाक ज्या पात्यांच्या स्प्रिंगवर बसले आहे तिच्यात असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. त्याचा वरचा भाग मागे झुकलेला असतो. त्या आसाची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या बिंदूच्या पुढे पडते आणि त्यामुळे चाक मागून ओढले जाऊन सरळ राहते. टेलव्हीलचा उभा पिव्हटही (ज्याभोवती चाक डावीउजवीकडे वळते तो आस) असाच उभ्या रेषेत किंवा वरच्या टोकाकडे किंचित मागे झुकलेला हवा. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी स्प्रिंगची कमान बसत जाते, तिचे मागचे टोक वर उचलले जाते आणि पिव्हटचे वरचे टोक पुढे कलते. मग आसाची रेषा चाकाच्या टेकण्याच्या बिंदूजवळ सरकते, चाकाला सरळ ठेवणारा ओढा कमी होतो आणि एखादा खडा लागला तरी थरथर सुरू होते.

स्प्रिंगखेरीज आसाचा बोल्ट, पात्यांना बांधणारा पट्टा, बुशिंगमधील ढिलाई, टायरचा दाब आणि वाकडेपणा हेही पाहावे. रडरकडून येणाऱ्या साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या ताणाच्या असाव्यात, म्हणजे लोंबू नयेत, पण स्प्रिंगा आधीच ताणून ठेवतील इतक्या आखूडही नसाव्यात. नवीन टेलव्हील बसवताना या साखळ्या जुन्याच लांबीच्या ठेवल्या गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

उत्तर २ : पुष्पकवाला

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात फक्त मोजण्याच्या रीतीची भर घालतो. मी निवृत्त विमान-देखभाल अभियंता आहे. माझी उमेदवारी महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानांवर झाली. पुष्पक म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले, कापडाने मढवलेले, शेजारी-शेजारी दोन आसनांचे, ९० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल इंजिनाचे विमान. १९५८ साली ते प्रथम उडाले. त्याची घडण तुमच्या चॅम्पच्या भावंडावरून, म्हणजे एरोन्का चीफवरून घेतलेली आहे, त्यामुळे तुमच्या विमानाचे दुखणे मला परके नाही. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली ते आकाराला आले. त्यांचेच त्याआधीचे एचटी-२ हेही शेपटावर बसणारेच विमान होते.

आमच्याकडे अशा तक्रारीवर पहिले हत्यार म्हणजे गवंड्याचा ओळंबा. विमान सपाट फरशीवर उभे करावे, टाकी भरावी आणि दोन्ही आसनांवर माणसे बसवावीत. ही अट महत्त्वाची आहे, कारण रिकाम्या विमानाची स्प्रिंग बऱ्याचदा योग्य कोनात दिसते आणि भार येताच बसते. मग पिव्हटच्या शेजारी ओळंबा सोडून वरच्या व खालच्या टोकांचे अंतर मोजावे. उतरताना भार याहून अधिक असतो, म्हणून उभ्या स्थितीत वरचे टोक जराही पुढे दिसले तर स्प्रिंग बाद समजावी किंवा माहीतगार लोहाराकडून तिला पुन्हा कमान द्यावी. अर्थात आजच्या काळात हे काम कागदपत्रांसह अधिकृत कार्यशाळेकडूनच करून घ्यावे. आमच्या वेळच्या लोहारांची गोष्ट निराळी होती.

आणखी एक. तुमच्या विमानाचे पुढचे पाय तेलाच्या शॉक-स्ट्रटचे आहेत. त्यांतील एकाचे तेल गळून तो खाली बसला असेल, तर विमान एका अंगावर कलते, पिव्हट बाजूलाही झुकतो आणि मग ओळंब्याचे माप फसवे येते. आधी दोन्ही पाय सारखे आहेत याची खात्री करावी.

उत्तर ३ : मॅग्नेटोमित्र

इंजिनाबाबत मला मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगचा संशय येतो. माझ्या टेलरक्राफ्ट विमानात ते अडकत असे आणि सुरुवातीला असाच त्रास होई. मॅग्नेटो पाठवण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो.

उत्तर ४ : सेफ्टीवायर

इथे मी असहमत आहे. इम्पल्स कपलिंगचे काम फक्त सुरू करतेवेळी, हाताने पंखा फिरत असताना ठिणगी उशिरा आणि जोरात पाडणे एवढेच. इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागताच त्यातील अडकणारे दाते बाहेर फेकले जातात आणि ते बाजूला होते. शिवाय ते एका सिलिंडरपुरते बिघडत नाही. ते बिघडले तर इंजिन सुरूच होणार नाही किंवा हिसका देईल, दोन मिनिटे तीन सिलिंडरवर चालून बरे होणार नाही.

थंड असताना एक सिलिंडर बंद आणि गरम होताच चालू, हे अडकणाऱ्या एक्झॉस्ट व्हाल्व्हचे (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) नेहमीचे लक्षण आहे. आमच्या धंद्यात त्याला सकाळचे दुखणे म्हणतात. हे इंजिन कमी ऑक्टेनच्या, अल्प शिशाच्या पेट्रोलसाठी घडवले होते. जुन्या ८०/८७ पेट्रोलच्या तुलनेत आजच्या १०० एलएल पेट्रोलमधील शिशाची कमाल मर्यादा चौपट आहे. ते शिसे आणि तेलाचा कोळसा व्हाल्व्हच्या दांडीवर व ती ज्यातून सरकते त्या गाइडमध्ये साचतो, थंड होताना गाइड आवळते आणि व्हाल्व्ह उघडा राहतो. दाबाची चाचणी गरम इंजिनावर होत असल्याने ७० ते ७४ हे चांगले आकडे येतात आणि सगळ्यांची दिशाभूल होते.

खात्री करण्यासाठी सकाळी इंजिन सुरू करा, अडखळत असतानाच अर्ध्या मिनिटात बंद करा आणि पंखा पूर्ण थांबल्यावर चारही एक्झॉस्ट नळ्यांचे तापमान सिलिंडरजवळ इन्फ्रारेड तापमापकाने मोजा. जी नळी गार असेल तिथे दुखणे आहे. इनटेक नळ्यांच्या रबरी जोडातून हवा शिरत असेल तर अडखळणे मंद गतीवर कायम राहते, गरम झाल्यावर जात नाही. प्राइमर (सुरू करताना सिलिंडरांत पेट्रोल सोडणारा हातपंप) गळत असेल तर काळा धूर दिसतो. पंखा हाताने फिरवून दाब पाहण्याचा मोह झाला, तर स्विच बंद असला तरी मॅग्नेटो जिवंत आहे असे समजूनच हात लावा, शेपूट बांधा आणि चाकांना अडसर लावा. चॅम्पच्या टाचेच्या ब्रेकांवर भरवसा ठेवू नका.

ठरलेल्या व्हाल्व्हचे काम सिलिंडर न उतरवताही होऊ शकते. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरून व्हाल्व्हला आधार दिला जातो, वरच्या स्प्रिंगा काढल्या जातात, दोरी काढून व्हाल्व्ह आत ढकलला जातो, मोजमापाच्या रीमरने गाइड साफ केले जाते आणि दांडी पुसून व्हाल्व्ह पुन्हा ओढून घेतला जातो. हे मालकाने स्वतः करण्याच्या कामांत मोडत नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांच्या भाग ४३ मधील परिशिष्टात प्लग साफ करणे, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस लावणे, शॉक-स्ट्रटमध्ये तेल भरणे अशी कामे वैमानिक-मालकाला मोकळी आहेत, व्हाल्व्ह आणि टेलव्हीलची स्प्रिंग मात्र मेकॅनिकच्या सहीची आहेत. तेलात टाकायच्या औषधांबद्दल विचारण्याआधीच सांगतो : ती साचण्याचा वेग कदाचित कमी करतील, पण भाजून घट्ट बसलेला थर काढणार नाहीत. तेल २५ तासांनी बदला, कारण या इंजिनाला फिल्टर नाही, फक्त जाळी आहे. जमिनीवर फार मंद गतीने फिरवत ठेवू नका. इथेनॉल नसलेले मोटारीचे पेट्रोल मिळत असेल आणि तुमच्या विमानाला त्याची पूरक मान्यता असेल, तर शिशाचा प्रश्नच बराच कमी होतो.

उत्तर ५ : ओहायोवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार, उशिरा कळवत आहे याबद्दल क्षमस्व. पुष्पकवाला काका, ओळंबा माझ्याकडे नव्हता, म्हणून बोल्टच्या नटाला दोरा बांधला. टाकी भरून, पुढे मी आणि मागे एक मित्र बसल्यावर पिव्हटचे वरचे टोक स्पष्टपणे पुढे कललेले दिसले. रिकाम्या विमानात ते जवळजवळ सरळ होते. स्प्रिंगचे मुख्य पाते नव्या कमानीचे बसवून घेतले आणि साखळ्याही दोन कड्यांनी कमी केल्या. त्यानंतर अकरा वेळा उतरलो, त्यांतील दोन तर मुद्दाम वाईट, आणि पेडल स्वस्थ होते.

इंजिनात तिसरी नळी गार निघाली. मेकॅनिकने गाइडमधून काढलेली राखाडी भुकटी कागदावर ठेवून मला दाखवली. सकाळची सुरुवात आता सुरळीत आहे. मॅग्नेटो जागेवरच आहेत. उरलेल्या तीन एक्झॉस्ट व्हाल्व्हची गाइडेही याच खेपेला साफ करून घ्यावीत का, की त्या नळ्यांचे सकाळचे तापमान दर महिन्याला नोंदवत राहावे?

उत्तर ६ : सेफ्टीवायर

इंजिन उघडलेलेच असेल तर उरलेली तिन्हीही करून घ्या. बंद केले असेल तर तापमानाची वही ठेवा आणि उरलेल्या तिन्हींपैकी कोणत्याही नळीत फरक दिसू लागताच पुन्हा लिहा.