टीएसएच वाढलं म्हणून गोळी वाढवली, हे उलटं नाही का?

कराडची_लेक
आई ६३ वर्षांची, कराडला असते, मी पुण्यात. आठ वर्षं थायरॉईडची ५०ची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात रिपोर्ट आला: टीएसएच ११.८, पुढे ठळक अक्षरात 'हाय'. डॉक्टरांनी गोळी ७५ची लिहून दिली. शेजारच्या काकूंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "अहो, थायरॉईड आधीच वाढलंय, वर आणखी गोळी कशाला?" झालं, आईने गोळीच सोडली. तीन आठवडे मला पत्ता नाही. काल फोनवर आवाज जड वाटला म्हणून खोदून विचारलं तेव्हा कळलं. पंखा बंद करून शाल घेऊन बसते, पोट साफ होत नाही, भाजी निवडता निवडता डुलकी लागते. परवा डॉक्टरांकडे नेतेच आहे. पण तिला पटवायचं तर आधी मला समजायला हवं. वाढलंय तर आणखी का देतात?

सुई_आणि_नळी
बावीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतोय. तुमच्या काकू रोज एकदा तरी आमच्या काउंटरवर येतात!

टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचं हॉर्मोन नाहीच. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती टीएसएच सोडते आणि गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मग टी-फोर आणि थोडं टी-थ्री सोडते. ते रक्तातून पुरेसं वर पोचलं की पीयूषिका गप्प बसते. तिन्हीसांजेला आजी अंगणात उभी राहून नातवाला हाका मारते, तसं समजा. पोरगं आलं की हाका थांबतात, नाही आलं तर आवाज चढत जातो. ११.८ म्हणजे आजी ओरडतेय, पोरगं अजून बाहेरच आहे. गोळीत टी-फोरच असतं, म्हणजे पोराला हात धरून घरात आणलं.

आणि ही आजी भलती काळजीवाहू. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच नुसतं दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी चढतं. म्हणून डॉक्टर आधी तेच बघतात.

आईंना सोडल्यासोडल्या काही जाणवलं नसणार, कारण रक्तातलं टी-फोर निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. पहिला आठवडा बरा गेला की काकू खऱ्या वाटणारच. तीन आठवड्यांनी मात्र त्या गोळ्यांचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो. याच कारणाने डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. लोक दहाव्या दिवशी येतात, आम्ही काढतो रक्त, पैसे त्यांचे जातात.

एक विचारू? आई गोळी कशाबरोबर घ्यायच्या?

कराडची_लेक
आत्ताच फोन केला. सकाळच्या चहाबरोबर. गुडघ्यांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी पण त्याच घोटात. "दोनदा कशाला पाणी प्यायचं" म्हणे.

सुई_आणि_नळी
घ्या, सापडलं बहुतेक. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच अडवतात, चहा-कॉफीही थोडा हात मारते. ही गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम निदान चार तासांनी. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, डोस किती ठेवायचा ते तेच ठरवतील. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तेही सांगा, त्याने रिपोर्टचे आकडेच चुकू शकतात.

तिसरी_मुलगी
हाकेचं उदाहरण आवडलं, पण आजीचाच आवाज बसला तर? आमच्या घरी तसं झालं. भावाच्या वेळी बाळंतपणात आईला भयंकर रक्तस्राव झाला, तीन बाटल्या रक्त चढवलं. नंतर दूध आलंच नाही, भावाला पहिल्यापासून वरचं दूध. पाळीही परत आली नाही. नऊ वर्षं सगळे म्हणत राहिले, बाळंतपणाचा अशक्तपणा. टीएसएच तपासलं तर २.१, एकदम नॉर्मल, म्हणून थायरॉईडचा विषयच संपला. शेवटी एका डॉक्टरांनी बाळंतपण कसं झालं ते विचारलं आणि टी-फोर तपासलं. ते अगदीच कमी.

गरोदरपणात पीयूषिका मोठी होते, अशा वेळी खूप रक्त गेलं तर तिचाच रक्तपुरवठा तुटून ती मरते. १९३७ मध्ये शीहान नावाच्या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने हे मांडलं, आजारालाही त्याचंच नाव आहे. आईला आधी स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या, थायरॉईडची नंतर. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवायचा हुकूम पीयूषिकाच देते. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉईडची गोळी आधी दिली तर जिवावर बेतू शकतं. आम्ही तर तोवर स्टेरॉईड म्हटलं की घाबरायचो.

कराडची_लेक
जाऊन आलो. चहा-कॅल्शियमचं ऐकून डॉक्टर हसले. सध्या ५०च परत सुरू, पण रिकाम्या पोटी, आणि सहा आठवड्यांनी रक्त. गोळीचा डबा आता दात घासायच्या ब्रशशेजारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. आजीची गोष्ट आईला एका दमात कळली. संध्याकाळी तिने ती काकूंना सांगितली, तेव्हा काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मी पण दिवाळीपासून सोडलीय गं." शनिवारी त्यांना घेऊन जातेय.