मदत हवी आहे: अँब्युलन्सला वाट दिली आणि चलन आलं. भरू की भांडू?

मंडळी, जरा सल्ला हवाय.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सिग्नलला माझी गाडी सगळ्यात पुढे होती. लाल दिवा, चाळीसेक सेकंद बाकी. मागून सायरन. आरशात बघते तर चार गाड्यांमागे अँब्युलन्स अडकलेली. माझ्या डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना, वर "ओ मॅडम, घ्या की पुढं!" घेतली. डावीकडे, बसच्या तोंडासमोर तिरपी.

पण झेब्रावर माणसं चालत होती, दिवा त्यांचा हिरवा होता. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी बरोबर माझ्या बॉनेटसमोर. मी करकचून ब्रेक दाबला, त्या दचकून मागे सरल्या आणि पिशवीतली लिंबं रस्ताभर. त्या मला काय काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात दुभाजकाच्या कडेने अँब्युलन्स निघून गेली.

चार दिवसांनी मेसेज: ५०० रुपये. फोटोत माझी गाडी झेब्रावर, नंबर अगदी स्वच्छ, अँब्युलन्सचा पत्ता नाही. नवरा म्हणतो, जागची हलायलाच नको होतंस. पण न हलणाऱ्याला दहा हजार दंड आहे ना? आणि आजींचा हक्क मोठा की अँब्युलन्समधल्या पेशंटचा?

— सायलेन्सर

फुरसतगंज: आधी एक करा, पैसे भरू नका. भरले की प्रकरण तिथेच मिटलं. महाट्रॅफिक ॲपमध्ये चलन उघडून तक्रार नोंदवा. तारीख, वेळ, चौक आणि "मागे अँब्युलन्स होती, आधीचं-नंतरचं चित्रण पाहावं" इतकंच लिहा, निबंध नको. चलन निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची, असं २०२१ पासून केंद्राच्या नियमातच आहे. डॅशकॅम असेल तर आजच क्लिप काढून ठेवा, नाहीतर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढेल.

क्लच_मास्तर: ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणून थोडं रोखठोक. मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे.

दहा हजारांचं कलम म्हणजे मोटार वाहन कायद्यातलं १९४-ई, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ते नीट वाचा. अग्निशमनाची गाडी किंवा अँब्युलन्स आली की गाडी रस्त्याच्या *बाजूला* घ्यायची, एवढंच त्यात आहे. सिग्नल तोडा असं कुठेही नाही. २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांत लाल दिवा ओलांडायची, वन-वेत उलटं शिरायची मुभा आहे, पण ती अँब्युलन्सला, तीही दिवा-सायरन चालू असताना आणि जपून. तिच्यापुढे उभी असलेली गाडी साधीच गाडी राहते. अँब्युलन्सची सवलत तिला उसनी मिळत नाही.

आता आजी. सायरन ऐकून त्या आपणहून थांबल्याच असत्या, बहुतेक लोक थांबतात. त्यांना अँब्युलन्स अपेक्षित होती. तुमची गाडी नव्हती.

सायलेन्सर: @क्लच_मास्तर, पटलं. पण बाजूच नव्हती हो! डावीकडे बस होती. मग करायचं काय?

क्लच_मास्तर: इंडिकेटर द्यायचा, काच खाली करून बसवाल्याला हात दाखवायचा, झेब्रा रिकामा झालाय हे डोळ्यांनी बघायचं आणि मग हातभर सरकायचं. पाच-सात सेकंद जातात. ती जाऊ द्यायची. रिक्षावाल्याच्या हॉर्नवर गाडी चालवायची नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

पाचवा_गिअर: भाऊ १०८ च्या गाडीवर आहे. तो म्हणतो, घाबरून भलतीकडे वळणाऱ्यांचा त्रास न हलणाऱ्यांपेक्षा जास्त. तुम्ही कुठे जाणार हे त्याला आधी कळलं पाहिजे. आणि अँब्युलन्स पुढे गेली की तिच्या शेपटाला लागून सुसाट निघणारे बाइकवाले! नियमाने किमान ५० मीटर अंतर ठेवायचं असतं. तुम्ही वाट दिलीत, एवढं त्याला पुरे आहे.

इसारकाठ: म्युनिकमध्ये राहते. इथे निळा दिवा आणि सायरन आला की लाल दिवा असतानाही स्टॉप लाइनच्या जरा पुढे सरकून वाट देता येते, मात्र कोणाला धोका न होता. हायवेवर नुसती कोंडी होऊ लागली तरी सगळ्यात डावी रांग डावीकडे, बाकीच्या उजवीकडे, आणि मधे मोकळी गल्ली. अँब्युलन्स दिसायची वाट बघत नाहीत. न केल्यास २०० युरोपासून दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. पण झेब्रावर आजींना दचकवलंत तर इथेही चूक तुमचीच.

फुरसतगंज: @इसारकाठ, आपल्याकडे मधे अशी गल्ली झाली तर पहिली त्यात बाइक घुसेल.

सायलेन्सर: सगळ्यांचे आभार. डॅशकॅममध्ये सायरन स्पष्ट ऐकू येतोय, ब्रेकचा आवाजही. तक्रार टाकली, क्लिप जोडली. झेब्रावर गेले हे त्यात सरळ कबूल केलंय, त्यामुळे ५०० गेले तर गेले. उत्तर आलं की इथेच कळवते. आणि त्या आजी मंगळवारच्या बाजारातून येत असाव्यात. उद्या मंगळवारच आहे, लिंबं घेऊन चौकात थांबून बघते.