फळीवर चाळीस पुस्तकं मावतात. कुठली ठेवू, आणि कुणासाठी?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं पुस्तकांचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलेलं, गेली अकरा वर्षं मी बसते. दुकान चालतं ते शाळेची पुस्तकं, वह्या, गाईडं आणि जूनच्या गर्दीवर. त्या गर्दीत जे हाती येतं त्यावर वर्ष काढायचं. पण गल्ल्यामागे एक काचेचं कपाट होतं, त्यात बाबा कथा-कादंबऱ्या, कविता, चरित्रं ठेवायचे. ते कपाट फायद्यासाठी नव्हतं. त्यांचा जीव होता त्यात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात ते गेलं. पाणी माळ्याच्या फळीखाली चार बोटांवर येऊन थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी शटर वर केलं. वह्यांचा लगदा झाला होता, तो फावड्याने ओढून काढला. कपाटातली पुस्तकं मात्र जागची हलेनात. कागद पाणी पिऊन फुगला होता आणि पुस्तकं एकमेकांना इतकी घट्ट बसली होती की मध्ये नखही जाईना. शेवटी बाबांनी पहारीने कपाटाची बाजू उचकटली, तेव्हा अख्खी रांग चिऱ्यासारखी एकसंध बाहेर आली. चिखल पुसला की कण्यांवरची नावं वाचता येत होती. बाबा एकेक नाव वाचत होते आणि ते कुणासाठी आणलं होतं ते सांगत होते. हे पोफळीच्या मास्तरांसाठी. हे बँकेतल्या त्या नव्या बाईंसाठी, त्यांना कविता आवडतात. हे एसटीतल्या कंडक्टरसाठी, पगार झाला की नेणार होते. त्या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. मी तेव्हा सहा वर्षं त्याच दुकानात बसत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाबा आता दुकानात येत नाहीत, गुडघे चालत नाहीत. चार वर्षं उधाऱ्या फेडण्यात गेली. आता कुठे दहा हजार रुपये बाजूला पडलेत. एक फळी पुन्हा भरायची आहे, चाळीसेक पुस्तकं मावतील.

म्हणून विचारते: गेल्या सहा-सात वर्षांतली कुठली मराठी पुस्तकं ठेवू? जुनी नावं मला माहीत आहेत, ती लोक आपणहून मागतात. नव्यांचं तसं नाही. एकच विनंती. ‘अप्रतिम आहे, जरूर वाचा’ एवढंच लिहू नका. ते पुस्तक तुम्ही कोणत्या माणसाच्या हातात द्याल ते सांगा.

अजून एक मनातलं. लोक येतात, पुस्तक बघतात, मुखपृष्ठाचा आणि किमतीचा फोटो काढतात आणि जातात. घरी जाऊन मोबाईलवर मागवतात. मी आजवर कुणाला काही बोलले नाही, पण दर वेळी पोटात तुटतं. बोलावं का?

दादर पश्चिम

ताई, तुमची ती रांग डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी फोर्टात नोकरीला होतो. जेवणाच्या सुट्टीत स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये जाणं हा तीस वर्षांचा नेम. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात एका टपरीएवढ्या जागेत ते सुरू केलं. पुढे फोर्टात आल्यावरही दुकान लहानच राहिलं. पण तिथे कुणी ‘घेणार आहात का?’ असं विचारत नसे. हातात पुस्तक घेऊन अर्धा तास उभं राहा, चालायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झालं. शेवटच्या आठवड्यात गेलो तर फळ्या अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि माझ्यासारखे पुष्कळ जण नुसतेच उभे होते. आम्ही सगळे आधीच्या पाच-सहा वर्षांत किती वेळा तिथे गेलो होतो, हा विचार तेव्हा मला खात होता. अजून खातो.

पुस्तक सांगतो. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणापायी गाव उठलेली माणसं आणि मागे राहिलेली म्हैस. तुमच्या नदीला पोफळीच्या वीजघरातून कोयनेचं पाणी येतं. त्या धरणात ज्यांच्या घराण्याचं गाव गेलं असं कुणीतरी तुमच्या गिऱ्हाइकांत असेलच. त्यांच्या हातात द्या. बोली कोल्हापूरकडची आहे, पहिली दहा पानं सावकाश वाचायला सांगा. एकदा कानाला सरावली की सुटत नाही.

खेडची वाचक

मीही फोटो काढणाऱ्यांतली आहे. तुमच्या दुकानात नाही, पण अशाच एका दुकानात. राग मानू नका, माझी बाजू सांगते.

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. महिन्याचे पैसे मोजून येतात. चारशेचं पुस्तक मोबाईलवर तीनशेला मिळत असेल तर ते शंभर रुपये माझ्यासाठी चार दिवसांचा नाश्ता आहे. हे एक कारण झालं. पण खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडच्या दुकानांत पुस्तकं काउंटरच्या पलीकडे असतात, काचेमागे. आत जायला वाट नसते. समोर गेलं की पहिला प्रश्न, ‘काय पाहिजे?’ मला काय पाहिजे ते मला पाहिल्याशिवाय कसं कळणार? एक पुस्तक काढून मागितलं, चाळलं, नको वाटलं, की दुसरं मागायची लाज वाटते. मागे चार जण वह्या घ्यायला उभे असतात. मग घाईघाईने फोटो काढते, म्हणजे घरी निवांत शोधता येईल.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पहिल्यांदा गेले तेव्हाही तसंच, यादी हातात असेल तर दोन मिनिटांत पुस्तक पुढ्यात, यादी नसेल तर काय बोलावं कळेना. डेक्कनवरच्या एका दुकानात मात्र आत सोडलं, तिथे मी दीड तास होते. त्या दिवशी छापील किंमत देऊन पुस्तक घेतलं आणि एकदाही मोबाईल काढला नाही.

ताई, बोलू नका. कपाटाची काच काढा.

पुस्तक: किरण गुरव यांचा कथासंग्रह ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’. गावातून शिकायला किंवा नोकरीला शहरात गेलेल्या आणि दोन्हीकडे नीट न रुजलेल्या कुणालाही. माझ्या भावाला दिलं होतं, तो वाचत नाही. त्याने वाचलं.

वाशिष्ठीकाठ

खेडची वाचक, राग कसला. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि मग काउंटरच्या बाहेर जाऊन गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिले. तिथून बाबांच्या कपाटातलं एकही नाव वाचता येत नसणार. गल्ल्यावरचा दिवा काचेवर पडून आपलंच तोंड दिसत असणार. अकरा वर्षांत मी त्या बाजूला कधी उभीच राहिले नव्हते.

करवीर ग्रंथ

ताई, मी कोल्हापूरचा, आमचंही दुकान आहे, तुमच्यापेक्षा थोडं मोठं. धंद्यातलं चार शब्द सांगतो.

चाळीस पुस्तकं म्हणजे चाळीस नावं, प्रत्येकाची एकच प्रत. दुकानदार इथंच फसतो. एखादं चाललं की पाच मागवतो आणि तीन अंगावर पडतात. एक विकली की दुसरी मागवायची, एसटी पार्सलनं पुण्याहून दोन दिवसांत येते. प्रकाशकाशी बोलताना कमिशनच्या आधी परतीचं, म्हणजे न खपलेलं पुस्तक परत घेतील का, ते विचारा. पक्क्या खरेदीवर पाच टक्के जास्त मिळतील, पण तुमच्या गावात पुराची भीती, दमट हवा. तुम्हाला परतीच्या बोलीवरच माल घ्यायला पाहिजे. मी नव्वद दिवसांची बोली करतो आणि वहीत तारीख लिहितो.

तीनशेच्या पुस्तकावर मला तीस टक्के सुटतात, म्हणजे नव्वद. त्यातून भाडं, लाईट, कामावरच्या मुलाचा पगार, पार्सल, आणि गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट. मनाला लागतं ते वेगळंच. काही प्रकाशक नवीन पुस्तक आलं की आपल्याला पाठवायच्या आधी वाचकाला थेट प्रकाशनपूर्व सवलतीत देतात, आणि ती सवलत आपल्या कमिशनएवढीच असते. ज्यानं पुस्तकाची वाट बघितली, त्यो वाचक पहिल्या महिन्यातच निघून जातो. मी हे एका प्रकाशकांना तोंडावर बोललो. ‘आम्हालाही छपाईचे पैसे उभे करायचे असतात,’ म्हणाले. त्यांचंही खोटं नाही. पण दुकानं मिटली तर नवीन लेखकाचं पुस्तक हातात घेऊन बघायचं कुठं, याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

टपालाचं सांगतो, हे कामाला येईल. पुस्तकांची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा आमची मोठी अडचण झाली. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला एक पुस्तक पाठवायला कुरिअर परवडत नाही आणि सगळीकडं पोचतही नाही. मग १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं ज्ञान पोस्ट सुरू केली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. पाकीट कुठवर गेलं ते बघता येतं. दीड-दोनशे पानांचं पुस्तक बहुतेक वेळा तीनशे ग्रॅमच्या आत बसतं. पॅकिंगसकट वजन करून बघा, पुठ्ठा जाड घातला तर वर जातं. गुहागर-दापोलीकडच्या लोकांना पाठवायला सुरू करा.

पुस्तक: देविदास सौदागर यांची ‘उसवण’. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार. तयार कपड्यांमुळं हातचं काम सुटत चाललेल्या शिंप्याची गोष्ट. लेखक तुळजापूरचे, शिलाईचं काम त्यांनी स्वतः केलेलं. लहानसं पुस्तक आहे. मी ते शिंप्याला देतो, सुताराला देतो, आणि छोट्या दुकानदाराला तर आवर्जून देतो. तुम्ही आधी स्वतः वाचा.

ग्रंथालय सेवक

ग्रंथालयात काम करतो, जिल्हा सांगत नाही. तुमच्या गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्याच पुरात त्यांचंही फार नुकसान झालं होतं, आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. त्यांच्याशी बोला. ग्रंथालय आणि दुकान एकमेकांचं गिऱ्हाईक खात नाहीत. आमच्याकडे वाचून झालेलं पुस्तक घरी असावं म्हणून विकत घेणारे लोक मी रोज पाहतो.

नीतिन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’ ठेवा. पुस्तकांच्या आणि पुस्तकवेड्यांच्या गोष्टी. हे गिऱ्हाइकासाठी नाही, तुमच्या बाबांसाठी. आणि मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. नवीन नाही, तुमची अट मोडतो आहे. पण वह्या घ्यायला आलेल्या आईच्या कडेवर लेकरू असतंच.

वाशिष्ठीकाठ

महिना झाला, काय केलं ते सांगते.

काच काढली. म्हणजे नवं कपाट केलंच नाही. आमच्याकडे मे महिना सरला की हापूसच्या लाकडी पेट्या गोठ्यात पडून असतात. चार चांगल्या पेट्या निवडल्या, कानस मारली, आडव्या करून काउंटरच्या बाहेर भिंतीला लावल्या. एकेका पेटीत दहा पुस्तकं बसतात, तीन मुखपृष्ठ समोर ठेवून, बाकीची उभी. एक स्टूल ठेवलं. पाणी वाढायला लागलं तर भरलेली पेटी तशीच उचलून माळ्यावर टाकता येते. मी एकटीने चढवून पाहिली, चारही पेट्यांना सहा मिनिटं लागली.

एकतीस पुस्तकं आली. विकली गेली नऊ. फार नाहीत, पण बाबांच्या कपाटातूनही महिन्याला एवढी जात नसत. ‘रिंगाण’ एका आजोबांनी नेलं. ते अलोऱ्याचे, वडील धरणग्रस्त. चार दिवसांनी परत आले, मला वाटलं परत द्यायला आले. त्यांना आणखी एक प्रत हवी होती, सोलापूरकडे वसलेल्या चुलतभावाला पाठवायला. ती ज्ञान पोस्टने पाठवली. वजन मी तुमच्या सांगण्याप्रमाणे पुठ्ठ्यासकट केलं, तीनशेच्या वर गेलं. तरी कुरिअरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडलं.

‘उसवण’ मी आधी वाचली. रात्री दीड वाजता संपली, मग झोप लागेना. दुसऱ्या दिवशी समोरच्या गल्लीतल्या टेलरकाकांना दिली. पैसे नंतर द्या म्हटलं. पुरात त्यांच्या तीन मशिनी गेल्या, एकच परत आली. ते सावकाश वाचतायत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. काल गेले होते तर पुस्तक मशिनीच्या फळीवर पालथं होतं, खूण म्हणून अस्तराच्या कापडाची चिंधी घातलेली. ‘याला शिलाई येते हो,’ म्हणाले, ‘नुसतं ऐकून लिहिलेलं नाही.’

फोटो काढणारे अजून काढतात. एका मुलाला मी म्हटलं, बसून दोन पानं वाच आधी. बसला. घेतलं नाही. शनिवारी परत आला आणि राहिलेलं वाचत बसला.

बाबांना ‘लीळा पुस्तकांच्या’ वाचून दाखवते, रोज रात्री थोडं. परवा मध्येच थांबवून म्हणाले, त्या बँकेतल्या बाईंची बदली झाली का गं? चौकशी केली. रत्नागिरीला असतात. त्यांच्यासाठी अलीकडचा एखादा चांगला कवितासंग्रह कुणी सुचवेल का? पुरात गेलेलं पुस्तक कुठलं होतं ते बाबांना आठवत नाही.

करवीर दादा, नव्वद दिवसांची बोली दोन प्रकाशकांनी मानली, तिसरे नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात अंबाबाईच्या दर्शनाला येणार आहे. तुमची ती तारखांची वही बघायची आहे. सोमवारी दुकान उघडं असतं का?

करवीर ग्रंथ

सोमवारी बंद. मंगळवारी या, अकरानंतर. येताना एक रिकामी आंब्याची पेटी आणा, माप घेतो.