दही दगडासारखं गोठतं त्यावर उपाय

पीनट बटर घातलेलं दही फ्रीजरमध्ये दगडासारखं का होतं, असं कुणीतरी विचारलंय. कारण दह्यातलं पाणी. दही मलमलच्या फडक्यात बांधून 3-4 तास फ्रीजमध्ये निथळू द्या. खाली साचलेलं पाणी बघूनच कळेल. मग वाटीभर चक्क्याला 2 चमचे पीनट किंवा बदाम बटर आणि चमचाभर मध. मधातल्या साखरेमुळे मिश्रण अगदी कडक होत नाही, म्हणून तो वगळू नका. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको.) बटर पेपरवर चमच्याने छोटे छोटे चपटे गोळे टाका, पातळ असले की लवकर गोठतात. मी तर बटर पूर्ण मिसळतच नाही, वरून टूथपिकने नागमोडी ओढते. गोठल्यावरही ती रेघ दाताखाली मऊ लागते, फार छान!