प्रयोगवहीतले ९८ अंश आणि कादंबरीतली चंद्रकोर : आपापले शालेय अनुभव लिहावेत

गोदाकाठ

गेल्या रविवारी सकाळी माझी आठवीतली मुलगी खोडरबर घेऊन बसली होती आणि प्रयोगवहीतला ९८ हा आकडा खोडून त्या जागी १०० लिहीत होती. शाळेत चंचुपात्रात पाणी तापवून दर मिनिटाला तापमान नोंदवण्याचा प्रयोग झाला होता. तिच्या गटाच्या तापमापीतला पारा ९८ पर्यंत चढला आणि पाणी खळखळून उकळत असतानाही पुढची पाच मिनिटे तिथून हलला नाही. शेजारच्या गटाने मात्र वहीत १०० लिहिले होते, आणि त्यामुळे आपलेच काहीतरी चुकले असावे अशी तिची खात्री झाली होती.

मी तिचा हात धरला, कारण तीस वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका शाळेत मी अगदी हेच केले होते. माझ्या निरीक्षण तक्त्यातल्या ९८ भोवती लाल शाईचे वर्तुळ आले, शेजारी ‘पुस्तकात पाहा’ असा शेरा आला, मी पुस्तकात पाहिले आणि १०० लिहून सही घेतली. पुढे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकताना समजले, की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा कमी असतो, दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, आणि म्हणून आपल्या घरातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. माझी पहिली नोंद बरोबर होती. ती खोडल्याचे वाईट मला त्या दिवशी जितके वाटले, तितके आजही वाटते.

योगायोग असा, की तिच्या दप्तरात त्याच आठवड्यात दुसरे एक काम होते. इंग्रजीच्या तासाला त्यांना जे. आर. आर. टॉल्किन यांची १९३७ साली प्रसिद्ध झालेली ‘द हॉबिट’ ही अद्भुतरम्य कादंबरी वाचायला दिली आहे आणि तिच्यावर प्रकल्प करायचा आहे. त्या कादंबरीतल्या एका नकाशावर चांद्रलिपीतली अक्षरे आहेत. ज्या ऋतूत आणि चंद्राच्या ज्या कलेत ती लिहिली गेली, तसाच चंद्र त्यांच्या मागून प्रकाशला तरच ती दिसतात. मुलगी म्हणाली, “आई, यात चंद्राच्या कला आहेत, मग हे विज्ञानाच्या वहीत लिहू की इंग्रजीच्या?” मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. प्रयोगवही आणि गोष्टीचे पुस्तक यांची अशी गाठ आपल्यापैकी आणखी कोणाच्या शाळेत पडली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

सिडकोकर

ताई, एक तांत्रिक गोष्ट आधी सांगतो. तापमापीचा फुगा पात्राच्या तळाला टेकला, तर तो तळाचे तापमान दाखवतो आणि आकडा वर जातो. शेजारच्या गटाचे १०० कदाचित असेच आले असतील, त्यामुळे त्यांच्यावर लगेच संशय घेऊ नये. फुगा पाण्यात मधोमध अधांतरी राहील अशी तापमापी स्टँडला बांधून तोच प्रयोग पुन्हा करावा. मी अंबडच्या कारखान्यात बॉयलरवर काम करतो, त्यामुळे दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध रोज डोळ्यांसमोर असतो. घरातल्या कुकरमध्येही तेच घडते. तिथे दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. मुलीने तो आकडा शेवटी काय ठेवला, हे मात्र तुम्ही लिहिले नाही.

पिंपळगावची बाग

माझी गोष्ट नववीतली आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवायचा आणि थोड्या वेळाने त्यावर तांब्याचा तांबूस थर बसलेला पाहायचा, हा विस्थापन अभिक्रियेचा प्रयोग सर्वांनी केला असेल. सरांनी परीक्षानळी वर धरली तेव्हा वर्गातली मुले चकित झाली, पण आम्हा बागाईतदारांच्या चार-पाच मुलांना त्यात नवे काही दिसले नाही, कारण आमच्या घरी हा प्रयोग छाटणीनंतर नेहमी होत असे. द्राक्षावर केवडा हा बुरशीसारखा रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या ड्रममध्ये भिजवून एकत्र केल्यावर वडील त्यात घासून चकचकीत केलेला विळा बुडवत आणि बाहेर काढून उन्हात धरत. पात्यावर तांबूस झाक आली, तर मिश्रण आम्ल आहे, ते पानांना जाळील, म्हणून आणखी चुना टाकायचा. पाते स्वच्छ राहिले, तर फवारणी सुरू करायची. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते आणि ‘विस्थापन’ हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

मी प्रयोगवहीत ‘उपयोग’ या मथळ्याखाली विळ्याची ही परीक्षा लिहिली. सरांनी ती सगळ्या वर्गाला वाचून दाखवली आणि पुढच्या रविवारी ते सायकलवरून आमच्या मळ्यात विळा पाहायला आले. वडिलांनी त्यांना बाजेवर बसवून चहा दिला आणि मग दोघांनी मिळून मिश्रण तयार केले. मी पुढे कृषी शाखेला गेलो, त्याचे कारण विचाराल तर तो रविवार.

याच मिश्रणाचा शोधही ऐकण्यासारखा आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडून खाऊ नयेत, म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडत असत. बाकीच्या मळ्यात केवड्याने पाने गळत असताना रस्त्याकडेच्या याच वेली हिरव्या राहिल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, आणि त्यातून १८८५ मध्ये हे औषध जगापुढे आले.

इंदिरानगर

अद्भुत कादंबरी आठवीच्या मुलांना जड जात नाही का? माझा मुलगा सातवीत आहे आणि इंग्रजी पुस्तक पाहूनच मागे सरतो. कोणत्या वयापासून वाचायला द्यावे, हे कोणी अनुभवावरून सांगितल्यास उपकार होतील.

खडू आणि फळा

मी अठरा वर्षे इंग्रजी शिकवते आहे, म्हणून इंदिरानगर यांना उत्तर देते. या विशिष्ट पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी एका दहा वर्षांच्या मुलानेच सोडवला होता. १९३६ मध्ये हस्तलिखित आले तेव्हा प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपला मुलगा रेनर याला वाचायला दिले आणि अभिप्राय लिहिण्याबद्दल एक शिलिंग दिला. रेनरने थोडक्यात कथानक सांगून, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असे लिहिले आणि पुस्तक छापले गेले. माझ्या वर्गात प्रकल्पाचा पहिला तास मी या अभिप्रायापासून सुरू करते, कारण आपल्यापेक्षा लहान मुलाने लिहिलेल्या अर्ध्या पानाला इतके वजन होते, हे कळल्यावर मुलांची बसण्याची पद्धतच बदलते. इंग्रजी जड जात असेल, तर पहिली दोन प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवावीत आणि अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात शोधायला लावू नये. टॉल्किन स्वतः ऑक्सफर्डला प्राध्यापक होते आणि उत्तरपत्रिका तपासताना हाती आलेल्या एका कोऱ्या पानावर त्यांनी या गोष्टीचे पहिले वाक्य लिहिले, हेही मुलांना फार आवडते.

गोदाकाठ ताईंच्या मूळ मुद्द्याबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. प्रयोगवहीत जशी १०० ही संख्या आधीच ठरलेली असते, तशी कादंबरीच्या प्रकल्पात ‘या पुस्तकातून मला धैर्याचे महत्त्व समजले’ हे वाक्य आधीच ठरलेले असते. एके वर्षी चाळीसपैकी एकतीस मुलांनी ते जवळजवळ याच शब्दांत लिहिले होते आणि ते माझ्याच फळ्यावरून उतरले होते. तेव्हापासून मी एकच प्रश्न देते : वाचताना तुम्ही कुठे थांबलात, ते पान सांगा आणि का थांबलात ते लिहा. एका मुलीने लिहिले, की गुहेतल्या कोड्यांच्या स्पर्धेत शेवटी नायक जे विचारतो ते कोडेच नव्हते, मग तो जिंकला कसा? मी ते पुस्तक सहा वेळा शिकवले होते आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पंचवटी

कोड्यांवरून आठवले म्हणून दोन ओळी लिहिते. नातवाला त्याच प्रकरणावर काम करायचे होते. तिथे एक कोडे आहे, ज्यात बिजागरी, किल्ली आणि झाकण नसलेल्या पेटीत सोने लपवलेले असते. त्याने मला ते मराठीत सांगितले आणि मी लगेच म्हटले, “अरे, हे तर आपले पांढरे पातेले, पिवळा भात!” त्याला अंडे हे उत्तर दोन्हीकडे सारखेच निघाल्याचे इतके नवल वाटले, की त्याने माझ्याकडून आणखी अकरा हुमाणे लिहून घेतली. माझ्या आईची हुमाणे कोणी कागदावर उतरवून घेईल, असे मला कधी वाटले नव्हते.

लासलगाव

आमच्याकडे कांद्याची काय कमतरता! सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी पाहण्याचा प्रयोग होता. पुस्तकात पापुद्र्यावर आयोडीन टाकायला सांगितले होते, पण बाटली संपली होती. बाईंनी प्रयोग रद्द न करता लाल कांदा कापायला सांगितला. त्याच्या बाहेरच्या जांभळ्या पापुद्र्याला रंग देण्याची गरज नव्हती, विटा रचल्यासारख्या पेशी आपोआप दिसल्या. मग त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि पेशींमधला जांभळा रंग आमच्या डोळ्यांदेखत भिंतींपासून सुटून मधोमध गोळा होऊ लागला. पेशीतले पाणी बाहेर निघून जाते म्हणून तसे होते, हे नंतर कळले. आम्ही तिघींनी एकाच भिंगाखाली पाहण्यासाठी इतकी घाई केली, की काचपट्टी फुटली आणि बाई रागावल्या नाहीत.

निवृत्त परिचर

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे परिचर म्हणून काम केले. मुले माझ्याजवळ येऊन हळूच विचारत, “काका, किती यायला पाहिजे?” बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढायचे असेल, तर खिडकीबाहेरच्या कडुलिंबाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट होईपर्यंत भिंग मागेपुढे करायचे आणि अंतर मोजायचे, इतके ते सोपे असते. पण भिंगाच्या खोक्यावर २० सेंमी असे छापलेले असल्यामुळे मुले कडुलिंबाकडे पाहतच नसत. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सगळ्या खोक्यांवरची छापील चिठ्ठी काढली आणि भिंगांना अ, ब, क अशी नावे दिली. त्या वर्षी वह्यांमध्ये १९.४, २०.३, १९.८ असे आकडे पहिल्यांदा आले. त्यातली एक वही मी निवृत्तीच्या दिवशी मागून घरी आणली, ती अजून कपाटात आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सिडकोकर दादा, तिने ९८ ठेवले. आपण सांगितल्याप्रमाणे शाळेत तापमापी अधांतरी बांधून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तीनपैकी दोन गटांत ९८ आणि एकात ९७.५ आले. तिने खाली नाशिकच्या उंचीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि बाईंनी त्यावर सही केली.

चंद्राचे मात्र अधिक लांबले. त्या कादंबरीतल्या बुटक्या लोकांचे नवे वर्ष शरद ऋतूतल्या शेवटच्या अमावास्येनंतर, हिवाळ्याच्या उंबरठ्यावर सुरू होते आणि त्या वेळी सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आकाशात असले, तर तो दिवस विशेष मानतात. त्याच संध्याकाळी मावळत्या सूर्याच्या शेवटच्या किरणात डोंगरातल्या गुप्त दाराचे कुलूप दिसते. हे वाचून तिचे आजोबा म्हणाले, “हा तर आपला दिवाळीतला पाडवा, व्यापाऱ्यांचे नवे वर्ष!” मग तिने ठरवले, की अशी कोर सूर्य असताना खरोखर दिसते का, ते स्वतः पाहायचे.

भाऊबीजेला आम्ही सगळे गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो. सूर्य मावळेपर्यंत तिने पश्चिमेकडची एकही जागा सोडली नाही, तरी कोर दिसली नाही. सूर्य गेल्यावर काही वेळाने क्षितिजाजवळच्या तांबूस पट्ट्यात ती अगदी बारीक उमटली. सूर्य आणि चंद्र दोन्ही एकत्र दिसायला चतुर्थीची दुपार उजाडली. तिने प्रकल्पात तिन्ही दिवसांची चित्रे काढली आणि लिहिले : “लेखकाने सांगितलेली कोर पहिल्या दिवशी मला सूर्यासोबत दिसली नाही. कदाचित तिथल्या आकाशात दिसत असेल, किंवा ती इतकी दुर्मीळ असेल म्हणूनच त्या लोकांनी तो दिवस मोठा मानला असेल.” हे दुसरे वाक्य तिचे स्वतःचे आहे, ते मी सुचवलेले नाही.

चांद्रलिपीसाठी तिने लिंबाच्या रसाने नकाशावर अक्षरे लिहिली आणि कागदावरून इस्त्री फिरवून ती तपकिरी उमटवून दाखवली. दुसऱ्या कागदावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लिहून वर हळदीचे पाणी फिरवले, तेव्हा अक्षरे लालभडक आली. हा कागद आता विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी ठेवून घेतला आहे आणि इंग्रजीच्या बाई तो परत मागत आहेत.

खडू आणि फळा

तुमच्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. टॉल्किन यांचीही अशीच इच्छा होती. नकाशावरची चांद्रअक्षरे कागदाच्या मागच्या बाजूला उलटी छापावीत, म्हणजे कागद उजेडासमोर धरल्यावरच ती दिसतील, असे त्यांनी सुचवले होते, पण छापील पुस्तकात ते जमले नाही.

सिडकोकर

येत्या महिन्यात आमचा गट बारी गावातून कळसूबाईला जाणार आहे. शिखराची उंची १६४६ मीटर आहे, म्हणजे तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळायला हवे. चहासाठी आम्ही छोटा स्टोव्ह नेतोच. निवृत्त काका, आपल्या ओळखीने ११० अंशांपर्यंतची एखादी तापमापी मिळाली, तर मी ती नीट बांधून वर नेईन आणि जो आकडा येईल तो इथे लिहीन.

निवृत्त परिचर

माझ्याकडे एक आहे, खोक्यासकट. शनिवारी पंचवटी कारंजाजवळ या, देतो. वर पोहोचल्यावर वाऱ्याला आडोसा करा आणि पाणी पूर्ण खळखळल्याशिवाय आकडा लिहू नका.