किमान वेतन आणि मोजके खरेदीदार

किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातातच, हे नेहमीचं म्हणणं मजूर घेणारे मालक भरपूर असतील तिथे पटेल. पण उसाचं बघा. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन आणि उतारा (उसातून निघणारं साखरेचं प्रमाण) दोन्ही घटतात, त्यामुळे सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याचा शेतकरी लांबच्या कारखान्याचा दर बघत बसत नाही. वर आपल्या राज्यात दोन कारखान्यांत २५ किमी हवाई अंतराची अट. म्हणजे जवळ खरेदीदार मोजकेच, आणि ते भाव पाडू शकतात. म्हणून एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, लागते. मजुरीतही तसंच: मालक मोजके असले की ते मजुरी दाबून ठेवू शकतात, आणि तिथे किमान वेतन वाढवलं तरी नोकऱ्या जातीलच असं नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात १९९२मध्ये किमान वेतन वाढल्यानंतर फास्टफूडची दुकानं तपासली, तर रोजगार घटलेला दिसला नाही. न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले, ते वाचण्यासारखे आहेत. मात्र सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या हेल्परपुढे दुसऱ्या मालकांचे पर्याय किती, हे आधी तपासायला हवं.